वळणारं पिल्लू : मेंढपाळ जातीचं कुत्रं वाढवताना आणि शिकवताना

आमचं मेंढपाळ जातीचं पिल्लू, भिंगरी, साडेतीन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. माझा सात वर्षांचा पुतण्या अंगणात लिंबाच्या झाडापासून गोठ्यापर्यंत पळत होता आणि ती ओसरीवर बसली होती. एकदम तिचं तोंड मिटलं. मान खांद्याच्या रेषेपर्यंत खाली आली, पुढचा डावा पाय उचललेला तसाच राहिला आणि नजर पोराच्या पायांवर अशी खिळली, की मी हाक मारली तरी कान हलला नाही. मग ती सुटली. सरळ त्याच्या मागे नाही. लांबून अर्धगोल घेऊन त्याच्या पुढ्यात आडवी आली. तो गांगरून वळला, तशी टाचेला दात लावून मागे सरली. रक्त आलं नाही, पण पोर रडायला लागलं आणि घरातून एकच सूर निघाला, "कुत्रं चावरं निघालं, देऊन टाका कुणाला तरी."

त्या आठवड्यात आमच्या रानात मेंढरं बसली होती. दिवाळी झाली की आटपाडीकडचे मेंढके आमच्या तासगाव तालुक्यात उतरतात. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतानं जमीन कसदार होते, बदल्यात शेतकऱ्यानं धान्य नाहीतर पैसे द्यायचे, असा हा जुना व्यवहार. त्या खांडीच्या, म्हणजे कळपाच्या, मालकांना आमच्या घरात लहानथोर सगळे मामाच म्हणतात. त्यांनी हकिगत ऐकली, भिंगरीला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "चावरं न्हाय ते. त्येला वळायचं हाय. तुमच्याकडं मेंढरं न्हाईत, मग पोराला वळतंय."

बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड, शेल्टी (शेटलंड शीपडॉग), रफ कॉली, बेल्जियन मॅलिनॉय यांपैकी कुठलंही पिल्लू घरात असलेल्या माणसानं मामांचं हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

राखणं आणि वळणं

बोलताना आपण मेंढरं राखतो म्हणतो आणि वळतो म्हणतो, दोन्ही एकाच अर्थानं. कुत्र्यांत मात्र ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निराळी कुत्री निवडली गेली. मामांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, दोन कुत्री आहेत. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडली, की ती दोघं जाळ्याच्या बाहेर उंचवट्यावर बसतात. पाठ मेंढरांकडे, तोंड अंधाराकडे. माण, खटाव, आटपाडीच्या माळांवर लांडगा आहे, उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. भुंकून, अंगावर धावून त्यांना लांब ठेवायचं, हे या कुत्र्यांचं काम. मेंढरू उधळलं तर ती त्याच्या मागे जात नाहीत. मेंढरं फिरवायचं काम मामा स्वतः करतात, काठी, हाक आणि शिळेवर.

वळणाऱ्या कुत्र्याचं सगळं उलट. त्याचं तोंड कायम मेंढरांकडे. पांगलेली गोळा करायची, चुकार मेंढी आत घ्यायची आणि सगळा कळप धन्याकडे आणायचा. आपल्याकडे ही परंपरा फारशी नाही, म्हणून अशा पिल्लाचं वागणं आपल्याला खोड वाटतं. जतकडे, मुधोळच्या बाजूला जे कारवानी कुत्रं दिसतं, ते तिसऱ्याच तऱ्हेचं. ते नजरेनं सावज हेरतं आणि वेगानं गाठतं. ते शिकारीचं आहे, मेंढपाळ नव्हे.

आता वळणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. आधी सावज हेरायचं, मग टक लावायची, दबा धरून सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं आणि शेवटी फाडून खायचं. माणसानं वेगवेगळ्या कामांसाठी कुत्री निवडताना या साखळीतली काही कडी पक्की केली, काही ढिली केली. बॉर्डर कॉलीत टक, दबा आणि पाठलाग ही तीन कडी जबरदस्त आहेत आणि पकडण्यापासून पुढची फार ढिली. तिची ती रोखलेली नजरच मेंढीला मागे सरकवते. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग ही गुरांमागची कुत्री. गाय नुसत्या नजरेला भीक घालत नाही, म्हणून त्यांच्यात टाचेला चिमटा काढण्यापुरती पकड शिल्लक ठेवली. राखणाऱ्या कुत्र्यांत ही सगळी साखळीच झोपलेली असते, म्हणून ती कोकरांच्या शेजारी निजू शकतात.

म्हणजे वळणं ही अर्ध्यावर थांबवलेली शिकार आहे. पाठलाग कुत्रं जन्मतःच घेऊन येतं, तो शिकवावा लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबणं. पिल्लाच्या पहिल्या वर्षात आपल्याला करायचं आहे ते एवढंच, आणि ते सोपं नाही.

जर्मन शेफर्डबद्दल दोन शब्द वेगळे लिहितो, कारण सांगली-साताऱ्यात तो बऱ्याच घरांत आहे आणि बहुतेकांना तो पोलिसाचा कुत्रा वाटतो. माक्स फॉन श्टेफानित्झ या जर्मन घोडदळातल्या माणसानं १८९९ साली होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला आणि त्याच्यापासून ही जात बांधली; तीही मेंढ्यांमागच्या कुत्र्यांतूनच. जर्मनीत कुंपण नसलेल्या पिकांच्या मधून मेंढरं चारत न्यावी लागत. कुत्र्यानं पिकाच्या कडेनं दिवसभर येरझारा घालायच्या आणि मेंढरांना पिकात तोंड घालू द्यायचं नाही. शाळूच्या कडेनं खांड नेताना आपल्या मेंढक्यांचा जीव ज्या कारणानं वरखाली होतो, तेच हे काम. बंगल्याच्या फाटकाआड आतल्या आत पळून जमिनीत वाट पाडणारा शेफर्ड तेच करत असतो. बॉर्डर कॉलीचा इतिहास इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापर्यंत आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ जाते. तो आवाज न करता, शांतपणे, नुसत्या नजरेवर काम करायचा. त्याचीच पिल्लं लोकांनी मागून नेली.

घ्यायच्या आधी

मी स्पष्ट लिहितो. नवरा-बायको दोघं नोकरीला, दिवसभर फ्लॅट बंद, अशा घरानं बॉर्डर कॉली किंवा मॅलिनॉय आणू नये. रिकामं ठेवलं तर हे कुत्रं स्वतःचं काम स्वतः शोधतं : सावल्यांमागे पळणं, भिंतीवरच्या उजेडाच्या तिरिपेकडे तासन्‌तास बघत बसणं, गाड्या वळणं. अशा घरी रस्त्यावरचं एखादं शांत गावठी पिल्लू आणलं तर दोघांचंही भलं होतं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायलाच मनाई आहे. तरी पाच आठवड्यांचं पिल्लू "लवकर लळा लागतो" असं सांगून गळ्यात मारतात. मला आधी एकानं तेच दाखवलं होतं, मी परत फिरलो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आई-भावंडांशी खेळताना एक मोठी गोष्ट शिकतं : किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ बंद होतो. दातांचा जोर आवरणं तिथं शिकलं जातं. ज्या जातीला टाचेला दात लावायची उपजत ओढ आहे, तिच्यात हा धडा चुकला तर पुढे फार जड जातं.

दमवू नका, निववा

इथं माझी मोठी चूक झाली. "एवढ्या चपळ कुत्र्याला दमवलंच पाहिजे" असं ज्यानं त्यानं सांगितलं, म्हणून पहिला महिना-दीड महिना मी सकाळ-संध्याकाळ चेंडू फेकत होतो. भिंगरी दमली नाही. तिचा दम वाढत गेला. घरात कुणी हात उचलला की ती दबा धरायची, रात्री कपाटापुढे उभी राहून आत ठेवलेल्या चेंडूकडे बघत थरथरायची. पुतण्याच्या टाचेची गोष्ट याच काळातली. आमच्या पशुवैद्यांनी एकच प्रश्न विचारला, "झोपते किती?" मी हिशेब केला, दिवसाचे अकरा-बारा तास. या वयाच्या पिल्लाला १८ ते २० तास झोप लागते.

चेंडूच्या खेळात पाठलागाचं कडं पुन्हापुन्हा पेटवलं जातं आणि विझवलं कधीच जात नाही. दम लागलेला असतो, डोकं मात्र तापलेलंच. लहान मूल जागरण झालं की जसं किरकिर करतं, तसं कमी झोपलेलं पिल्लू जास्त चावतं. चेंडू बंद केला. तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, असा नेम लावला. झोपायला अंधाऱ्या खोलीत उघड्या दाराचा पिंजरा, वर चादर. पाच-सहा दिवसांत घरातलं निम्मं चावणं थांबलं, काहीही न शिकवता.

मग गोणपाटाचा धडा सुरू केला. एक रिकामं पोतं चौघडी करून ओसरीच्या कोपऱ्यात टाकलं. पिल्लानं त्यावर पाय ठेवला, की काही न बोलता दोन पायांच्या मध्ये अन्नाचा एक दाणा ठेवायचा. बसली, आणखी एक. हनुवटी टेकली, आणखी एक. उठून गेली तर जाऊ द्यायचं. रागावणं नाही, परत बोलावणं नाही. हळूहळू दोन दाण्यांमधलं अंतर दहा सेकंदांचं, मग अर्ध्या मिनिटाचं, मग पाच मिनिटांचं करत न्यायचं. पुढे तेच पोतं मी रानात, पाहुण्यांच्या घरी, आमराईत नेत राहिलो. पोतं अंथरलं म्हणजे आता काही काम नाही, हे तिला कळतं. वळणाऱ्या कुत्र्याला "आता काम नाही" हे सांगणारी खूण हवीच. नाहीतर त्याच्या लेखी काम कधी संपतच नाही.

डोक्याला काम द्यायचं ते पायांच्या ऐवजी. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला तिच्या धन्यानं तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. आपल्याला हजार नको आहेत. जेवणातले दाणे गवतात फेकून नाकानं शोधायला लावले, चार वस्तूंची नावं शिकवली, तरी दहा मिनिटांत पिल्लू शांत होऊन झोपतं. वाढत्या हाडांनाही ते बरं. हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला, विशेषतः शेफर्डसारख्या मोठ्या अंगाच्या जातीत, वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर उंच उड्या आणि मोटारसायकलीमागे पळवणं हे खुब्याच्या सांध्यांचं नुकसान आहे.

टाच, तोंड आणि ते दोन सेकंद

टाचेला दात लागला की आपण काय करतो? ओरडतो, पाय झटकतो, पळतो. वळणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीनं मेंढरू हललं, म्हणजे काम फत्ते झालं. म्हणून पहिला उपाय खांब होण्याचा. जागच्या जागी थांबायचं, हात छातीशी, नजर दुसरीकडे. पिल्लू गोंधळून बाजूला झालं, की दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवर फरफटत त्याच्या तोंडी द्यायची. आमच्या पुतण्याला हे मी खेळ म्हणून शिकवलं. त्यानं "खांब" म्हणून थांबायचं, आणि भिंगरी बसली की दाणा त्यानंच टाकायचा. महिनाभरात पोर पळताना थांबलं की ती आपोआप बसायला लागली. तरीही लहान मूल आणि असं पिल्लू एकटं सोडायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आजही आहे.

मोटारसायकल, सायकल, कोंबड्या यांमागे लागणं हा याच रोगाचा मोठा अवतार, आणि यात कुत्री मरतात. इथं सुरुवातीला सांगितलेली ती खूण कामाला येते. पिल्लू एरवी तोंड उघडं ठेवून, सैल अंगानं चालत असतं. गाडी दिसली की आधी कान पुढे येतात, मग तोंड मिटतं, मग मान खाली जाते. तोंड मिटणं आणि मान खाली जाणं यांच्यामध्ये जेमतेम दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत हाक मारली तर ते वळून बघतं. टक लागल्यावर हाक ऐकूच येत नाही. म्हणून रस्त्यापासून पन्नास पावलं लांब, बांधावर बसायचं. गाडी दिसली, तोंड मिटलं, लगेच नाव घ्यायचं आणि वळून बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. अंतर आठवड्या-आठवड्यानं कमी करायचं. एखाद्या दिवशी टक लागलीच, तर ओढाताण न करता लांब जायचं. त्या दिवशी अंतर चुकलेलं असतं. आम्हाला विट्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं शांत चालायला चार महिने लागले.

मारून हे सुटत नाही. मारल्यावर पिल्लू पाठलाग सोडत नाही, तुमच्या हातापासून लांब राहून पाठलाग करायला शिकतं. घरात मुतलं म्हणून नाक त्यात घासणं हीसुद्धा तसलीच निरर्थक क्रूरता. त्यातून ते एवढंच शिकतं, की माणसासमोर मुतायचं नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर दर वेळी बाहेर न्यावं आणि बाहेर केलं की तिथंच कौतुक करावं, यापलीकडे त्यात गुपित नाही.

शब्द, शीळ आणि कासरा

मराठी घरात एक अडचण हमखास येते. "ये" हा शब्द आपण दिवसभर सगळ्यांना म्हणत असतो : ये गं, ये रे, इकडं ये, जेवायला या. "बस"ही तसाच; बस म्हणजे खाली बस, बस म्हणजे पुरे, आणि बस म्हणजे एसटी. आई "बैस" म्हणते, मुलगा "सिट" म्हणतो, आजोबा "खाली" म्हणतात आणि मग कुत्रं ऐकत नाही म्हणून सगळे वैतागतात. घरातल्यांनी एकत्र बसून चार-पाच शब्द ठरवावेत आणि ते इतर कुणासाठी वापरू नयेत. आमच्याकडे "थांब", "सोड", "खाली" आणि बोलावण्यासाठी शीळ. शीळ मी मामांकडून उचलली. लांबवर ऐकू जाते आणि मुख्य म्हणजे तिच्यात राग उतरत नाही. हाकेत आपला वैताग कुत्र्याला बरोबर कळतो.

शीळ वाजली की उत्तम खाऊ, हे घरात, मग अंगणात, मग रानात पक्कं करायचं. बोलावून रागवायचं नाही, बोलावून औषध पाजायचं नाही, आंघोळीला न्यायचं नाही. रानात पहिले आठ-दहा महिने मोकळं सोडायचं नाही. बैलाच्या कासऱ्यासारखा आठ-दहा मीटरचा दोर बांधायचा. पण गळपट्ट्याला नको, छातीपट्ट्याला. धावत टोकाला गेल्यावर बसणारा हिसका मानेला बसला तर इजा होते. कासऱ्याचा उपयोग ओढायला नाही, चूक होऊ न द्यायला आहे. एकदा कोंबडीमागे मोकळं धावायला मिळालं, की त्या आनंदापुढे तुमच्या खाऊची किंमत उरत नाही.

तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे या वयात पिल्लाचं मन जगाला "हे ओळखीचं, हे भीतीचं" अशा दोन खणांत वाटत असतं. या काळात ट्रॅक्टर, उसाच्या गाड्यांची घुंगरं, हलगी, हेल्मेटवाला माणूस, काठी टेकत येणारी आजी, छत्री हे सगळं दुरून, गोडीनं दाखवून घ्यावं. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र नेऊन उभं करू नये. त्यातून ओळख होत नाही, धसका बसतो. लसी पूर्ण झालेल्या नसतात म्हणून काही जण पिल्लाला चार महिने घरात कोंडतात, तेही चूक. कडेवर घेऊन फिरवा, इतर कुत्री जिथं हगतात त्या जमिनीवर ठेवू नका, एवढं पुरतं.

दवाखाना, आणि मेंढरांचं एक औषध

लस एकदाच टोचून का भागत नाही? आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, तेच लसीलाही निकामी करतं. ते संरक्षण कुठल्या आठवड्यात संपेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत डोस द्यायचे. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे फुकट जाण्याची शक्यता असते, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकानं, सहसा दरवर्षी.

ज्यांच्या घरी मेंढरं-शेळ्या आहेत त्यांच्यासाठी पुढचं फार महत्त्वाचं. मेंढरांच्या जंतांवर, खरजेवर आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरतात आणि त्याची बाटली गोठ्यात असतेच. गोचीड झाले म्हणून त्यातलंच थोडं कुत्र्याला टोचायची सवय गावोगाव आहे. मेंढपाळ जातींपैकी अनेकांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. औषध मेंदूत शिरू न देणारा पहारेकरी त्यामुळे कामच करत नाही. रफ कॉलीत बहुसंख्य कुत्र्यांत हा दोष सापडतो, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेल्टीतही आढळतो, बॉर्डर कॉली आणि जर्मन शेफर्डमध्ये कमी. अशा कुत्र्याला मेंढराच्या मापानं आयव्हरमेक्टिन दिलं तर ते लटपटतं, आंधळं होतं, बेशुद्ध पडतं, मरतंही. नुकतंच औषध दिलेल्या मेंढराची लेंडी खाऊनही त्रास होऊ शकतो. गोचिडाचं औषध पशुवैद्यांनी वजन करून दिलं तरच द्यावं.

उलट बाजूनंही काळजी घ्यायची आहे. मेंढराची कच्ची आतडी, डोकं, पाणी भरलेल्या फोडांचं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि चरताना मेंढरांच्या पोटात जातात. एका जातीच्या कृमीचा फोड मेंढराच्या मेंदूत वाढतो आणि ते एकाच जागी गोल-गोल फिरत राहतं. दुसऱ्या एका जातीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात गाठी होतात. म्हणून कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध, आणि त्याला चाटू दिलं की पोरांचे हात साबणानं धुवायचे.

आणि तासगावकरांसाठी खास : द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. मूत्रपिंडं बंद पडतात. किती खाल्ल्यानं होईल याचा भरवसा नाही. काहींना मूठभर पचतात, काही थोड्याशानं जातात. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, असं पशुवैद्यकांचं मत आहे. तेच आम्ल चिंचेतही असतं. बेदाण्याच्या शेडवर पिल्लू मोकळं सोडू नका. खाल्लेलं दिसलं तर उलट्यांची वाट न बघता दवाखाना गाठा.

खाण्याबद्दल एवढंच, की नुसत्या दूध-भाकरीवर ही जात वाढत नाही. अंडी, मांस किंवा चांगलं तयार खाद्य हवं. पाय वाकडे दिसले म्हणून मनानं कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. मोठ्या जातींत जादा कॅल्शियमनंही हाडं बिघडतात. उन्हाळ्यात दाट केस भादरू नका, ते उन्हापासूनही वाचवतात. पहाटे आणि दिवे लागल्यावर फिरवा. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही टेकवत नाहीत.

मेंढरांसमोर

"मग हिला खरंच मेंढरांमागे सोडता येईल का?" हे मला सगळेच विचारतात. येतं, पण साधारण आठ महिने ते वर्ष झाल्याशिवाय नाही. मेंढरापेक्षा वेगानं पळता यायला हवं, आणि "खाली" म्हटलं की जागच्या जागी पडायला हवं. त्याआधी एखाद्या कोकरावाल्या मेंढीनं धडक दिली तर बरगडी मोडते, किंवा मन मोडतं आणि पिल्लू पुन्हा मेंढराकडे बघत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडकडची पद्धत अशी, की लहान गोल कुंपणात माणसाळलेली चार-पाच मेंढरं घेतात. कळप घड्याळाच्या मधोमध आहे असं धरा. धनी सहाच्या आकड्यावर उभा असेल, तर चांगल्या रक्ताचं कुत्रं आपोआप बाराच्या आकड्यावर जातं, कारण त्याला मेंढरं धन्याकडे आणायची असतात. धनी चाराकडे सरकला, की ते दहाकडे सरकतं. हे कुणी शिकवलेलं नसतं. त्या हालचालीला नंतर शब्द जोडायचे : घड्याळाच्या दिशेनं जायला "कम बाय", उलट जायला "अवे". मेंढीच्या भोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. कुत्रं त्याच्या कडेला आलं की ती चालू लागते, आत घुसलं की उधळते. कुत्र्यानं कडेवर राहायचं आणि मेंढी योग्य बाजूला वळली की थांबायचं. ते थांबणं हेच मेंढीला बक्षीस.

दुसऱ्याच्या खांडीवर हे प्रयोग करू नका. गाभण मेंढी पळवली तर गाभ टाकते, आणि ते कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न असतं. मी मामांकडे काही मागितलं नव्हतं. यंदा दिवाळीनंतर खांड परत आली तेव्हा भिंगरी सव्वा वर्षाची झाली होती. मी तिला कासऱ्यावर घेऊन बांधावर उभा राहिलो, सत्तर-ऐंशी पावलांवर. मेंढरं खोडवं खात पुढे सरकत होती. कान पुढे आले, तोंड मिटलं, मान खाली गेली. मी हळूच "खाली" म्हटलं आणि ती गवतात पडली. नजर मेंढरांवरच होती, सगळं अंग ताणलेलं, पण पडून राहिली. मामांच्या मोठ्या कुत्र्यानं उंचवट्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. पाचेक मिनिटांनी मी शीळ घातली. तिनं मेंढरांवरची नजर काढली आणि चालत माझ्याकडे आली.

मामा काठीवर रेलून बघत होते. म्हणाले, "झालं आजच्याला. पानी पाज तिला. उद्या पाच जुनी मेंढरं काढून देतो, वाघरीत."